खाणीतला पहारेकरी : उंदीर की कॅनरी?

आंघोळीला गेलेली व्यक्ती गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. यामागचा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. तो ओळखण्याच्या इतिहासात एक उंदीर आणि एक गाणारा पक्षी आहे.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा बळकावतो.

हाल्डेन यांनी सुचवले, खाणीत उतरताना छोटा उंदीर सोबत न्या. लहान प्राण्याचा श्वास आणि चयापचय वेगवान असल्याने त्याला विषबाधा माणसाच्या आधी होते.

पण अडचण अशी, की धडधाकट उंदीरही कोपऱ्यात अंग चोरून बसतो. कंदिलाच्या उजेडात तो आजारी आहे की नुसताच गप्प, हे कसे कळणार? कॅनरीचे तसे नाही. ती दांडीवर बसते. विषबाधा झाली की झोकांड्या खाते आणि खाली पडते. १९१२ च्या सुमारास अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सच्या प्रयोगांतही कॅनरीच सरस ठरली. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणायचे ठरले.

या बाबतीत आपण माणसे उंदरासारखी आहोत. डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप येते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल! बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवू शकतो.

म्हणून गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. घरातल्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर या वायूची शंका घ्या. रुग्णाला लगेच मोकळ्या हवेत आणा, रुग्णालयात न्या आणि गिझर किंवा शेगडी चालू होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडलेला असे. त्यावर कोसळलेली कॅनरी पुन्हा शुद्धीवर येई. माणसासाठीही मुख्य उपचार तोच आहे, फक्त तो वेळेत मिळायला हवा.