कल्याण ते झाशी

आमच्या आजोबांनी कुठलंही अंतर मैलांत सांगितलेलं मला आठवत नाही. नाशिक किती लांब, असं विचारलं की ते मुक्काम सांगायचे. शहापूर, मग कसारा, मग घाट चढून इगतपुरी. आगगाडी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी आलेली, पण हे मुक्काम त्यांना त्यांच्या आजोबांनी दिले होते आणि ते त्यांनी जपून ठेवले होते.

घरातलं कोणी एक खापरपणजोबा पायी काशीला गेले होते. निघण्याआधी त्यांनी देणी फेडली, जमिनीच्या वाटण्या करून ठेवल्या, आणि घरचे सगळे वेशीपर्यंत रडत पोचवायला गेले. परत आले तर मावंदं घालायचं, नाही आले तर काशीत देह ठेवला म्हणून हात जोडायचे. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. लांबचा प्रवास म्हणजे काय, हे मला त्या आवाजातून कळलं.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, एकवीस मैल. पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून आणि पारसिकचा डोंगर फोडून ती कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये खोपोलीला. तिथे मात्र सह्याद्री आडवा उभा होता. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला बोरघाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच चढावा लागे. नाशिकच्या वाटेवरही तीच गत. कसाऱ्याला रूळ आले १८६१ मध्ये, पण घाट चढून गाडी इगतपुरीला जायला १८६५ उजाडलं. आज कसाऱ्याच्या बोगद्यांतून जाताना आपण मोबाइलची रेंज गेली म्हणून चिडतो. या दोन घाटांच्या कामावर हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले, त्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत.

याच काळात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेला निघाले. साल १८५७. घरावर कर्ज होतं, तिकडे मोठा यज्ञ आणि त्यात दक्षिणा मिळेल असं कानावर आलेलं, म्हणून चुलत्याला सोबत घेऊन पायी निघाले. महूजवळ पोचतात तोच शिपायांच्या उठावाची चाहूल लागली. पुढे झाशीच्या वेढ्यात ते शहरातच अडकले, कत्तल डोळ्यांनी पाहिली, जमवलेलं लुटलं गेलं. दोन वर्षांहून अधिक काळाने घरी परतले ते गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. कमाई गेली, पण गंगा आणली. मला या माणसाविषयी फार ओढ वाटते.

झाशीपर्यंत रूळ जोडले गेले १८८९ च्या सुमारास. १९१२ मध्ये पंजाब मेल सुरू झाली. आज रात्री कल्याणला त्या गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला उतरतो. मधला सातपुडा, नर्मदा, सगळं झोपेत निघून जातं. हे सुख आहेच, मी ते नाकारणार नाही. पण खापरपणजोबांनी वेशीवर मागे वळून पाहिलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं, हे आता कोण सांगणार?

गोडसे भटजींचं मात्र आपल्याला कळतं, कारण त्यांना कोणीतरी विचारलं. कल्याणात जन्मलेले चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह धरला, म्हणून भटजींनी म्हातारपणी सगळं लिहून काढलं, आणि वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं. सत्तावन्नच्या उठावातलं झाशी एका मराठी माणसाच्या डोळ्यांनी पाहायला मिळतं ते त्यामुळे.

तुमच्या घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर पूर्वी गावाला कसं जायचे, वाटेत कुठे उतरायचे, काय खायचे, एवढं विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. याच सुट्टीत बसा.