कॅमेऱ्याआधीची पेन्सिल

भिलाईहून बोलतोय. आजचा विषय किल्ल्यांचा नाही आणि लढायांचाही नाही, पण शेवटी एक तोफ येणारच आहे. तोफखान्यात आयुष्य घातलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा ठेवू नका.

आमच्या सेक्टरमध्ये एक मराठी मुलगा राहतो. आजोबा प्लांट उभा राहत असताना नागपूरकडून इथे आले, आणि मग तीन पिढ्या इथल्याच झाल्या. हा मुलगा टॅबलेटवर कॉमिक काढतो आणि दर आठवड्याला नेटवर टाकतो. सहा-सात चौकटी असतात. त्याखाली दोन परिच्छेद लिहितो. एकात या वेळी चित्र काढताना काय अडलं ते असतं, मुठीत धरलेली तलवार जमली नाही वगैरे. दुसऱ्यात त्या आठवड्यात पाहिलेल्या नव्या सिनेमाबद्दल. २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला तेव्हा त्याने त्यावर बरंच लिहिलं होतं. मग कुणीतरी त्याला सुनावलं की तू आपली चित्रं काढ, सिनेमावर बोलायला जाणकार लोक आहेत. पोरगं गप्प झालं. तीन आठवडे काहीच टाकलं नाही. एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि विचारलं, “काका, हे खरंच दोन वेगळे धंदे आहेत का?”

मी त्याला म्हटलं, बस. आपण कोल्हापूरला जाऊन येऊ.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म १८९०, कोल्हापूर. घरचं काम कारागिरीचं. शाळेत जाऊन चित्रकला शिकलेले नाहीत. आत्याचा की मामाचा मुलगा या वादात मी पडत नाही, पण आनंदराव हे त्यांचे भाऊ लागत, आणि हे दोघं मिळून संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. त्या कामावरून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं. पडदा रंगवणारा माणूस एक गोष्ट शिकतो, जी कागदावर चित्र काढणाऱ्याला सहसा शिकावी लागत नाही. आपलं चित्र कोण कुठून बघणार आहे, त्याच्यापुढे नट कुठे उभा राहणार आहे, आणि उजेड कुठून पडणार आहे, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे सिनेमाचा निम्मा अभ्यास तिथेच झाला.

तिकडे १९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळकेसुद्धा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण, शिळाछाप, छपाई सगळं करून मग सिनेमाकडे वळलेले. त्यांनी तर आगकाड्या एकेक करून हलवून ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपटही केला होता. आज याला आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो. तर या दोन कोल्हापूरकर भावांनी ठरवलं की आपणही सिनेमा करायचा. अडचण एकच, कॅमेरा नव्हता. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून भाग घडवत घडवत कॅमेरा तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली. शाहू महाराजांचाही आधार होता.

७ फेब्रुवारी १९२०ला पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्यांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग पुढे कापावा लागला, असं सांगतात. ‘छावा’तलं लेझीमचं दृश्य तर प्रदर्शनाआधीच गेलं. कात्री काही नवी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बाबूराव चित्रीकरणाआधी कागदावर चित्रं काढून ठेवत. पात्राचा पेहराव, उभं राहण्याची ढब, हालचाल. आजच्या दिग्दर्शकाच्या टेबलावर स्टोरीबोर्ड असतो तो हाच प्रकार. आणि स्टोरीबोर्ड म्हणजे तरी काय? बोलके फुगे काढून टाकलेलं कॉमिक! मी त्या मुलाला म्हटलं, तुझ्या सहा चौकटी आणि त्यांच्या वहीतलं पान, यांत फरक फक्त शेवटी कोण पैसे लावतो एवढाच आहे. तो हसला नाही. त्याला ते खरंच वाटलं.

इथे मला माझं सांगायला हवं. देवळालीला तोफखान्याच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवत. तिला चित्रकला कुणी म्हणत नसे, पॅनोरमा स्केच म्हणत. निरीक्षण चौकीत बसायचं, समोरचा मुलूख कागदावर उतरवायचा. पट्टीला दोरी बांधून ती दातांत धरायची, म्हणजे पट्टी डोळ्यापासून नेहमी तेवढ्याच अंतरावर राहते आणि कोन मोजता येतात. जवळच्या रेषा ठळक, दूरच्या फिक्या. वर खुणांची नावं आणि दिशा. आणि एक गंमत अशी की उंची मुद्दाम दुप्पट काढायची, कारण दुरून डोंगर सपाट दिसतात आणि टेकडी टेकडीसारखी ओळखू येत नाही. मात्र दुप्पट केलं आहे हे कोपऱ्यात लिहायचं.

तरुणपणी एका सरावात मी असं स्केच करून चौकी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली. दोन झुडपांमागे एक नाला होता, तो मी काढलाच नाही. दिसला नव्हता असं नाही. माझ्या मनात त्या उताराचं जे चित्र तयार झालं होतं, त्यात नाला बसत नव्हता. संध्याकाळी वरिष्ठांनी कागद समोर धरून विचारलं, “नाला कुठे गेला?” सराव होता म्हणून निभावलं. खऱ्या लढाईत त्या नाल्यात माणसं असतात. त्यानंतर सिनेमा बघतानाही मी नाला शोधतो. आमच्या सौ. म्हणतात, तुमच्याबरोबर सिनेमाला येण्यात अर्थ नाही.

तर आता तोफ. बाबूरावांनी १९२३मध्ये ‘सिंहगड’ केला. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, तानाजीची गोष्ट. शिवाजी महाराजांचं काम स्वतः बाबूरावांनी केलं, शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, त्या काळात हे धाडसच होतं. गर्दी इतकी लोटली की ती बघूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं सांगतात. आज ऐतिहासिक सिनेमे करमुक्त करा म्हणून मागणी होते, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

तीच गोष्ट जानेवारी २०२०मध्ये ‘तान्हाजी’ नावाने पुन्हा आली. चांगला ठोक सिनेमा, मी दोनदा पाहिला. त्यात मोगलांची एक प्रचंड तोफ आहे, नागीण. ती कोंढाण्यावर चढवायची आणि तिथून राजगड उडवायचा, असा बेत. आता कोंढाणा ते राजगड सरळ रेषेत अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. आमच्या १०५ मिलिमीटर इंडियन फील्ड गनचा पल्ला सतरा किलोमीटरच्या आसपास, आणि ती विसाव्या शतकातली तोफ! १६७०मध्ये पंधरा किलोमीटरवर नेम धरणारी तोफ जगात कुणाकडे नव्हती. दिग्दर्शकाने उंची दुप्पट केली, त्याला माझी हरकत नाही. पडद्यावर डोंगर सपाट दिसू नये म्हणून ते करावंच लागतं. माझी हरकत एवढीच की कोपऱ्यात लिहिलं नाही.

त्या मुलाने विचारलं, मग कॉमिकवाल्यांनी काय केलं? बरोबर प्रश्न होता. आमच्या घरी वेताळ यायचा, इंद्रजाल कॉमिक्सचा, हिंदीतून, कारण इथे मराठी अंक मिळणं कठीण. पुढे १९८०च्या दशकात राज कॉमिक्सचा नागराज आला आणि भिलाईपासून पाटण्यापर्यंतच्या पोरांनी तो भाड्याने नेऊन वाचला. त्या हिंदी नागराजाचे सुरुवातीचे कितीतरी अंक पुण्याच्या प्रताप मुळीक यांच्या हातचे आहेत, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. मुळीक अमर चित्र कथेचे मोठे चित्रकार. त्यांनीच ‘सुप्रीमो’ काढला, ज्यात नायक म्हणून थेट अमिताभ बच्चन होते आणि साथीदार पोरांची नावं विजय आणि अँथनी. पडद्यावरची नावं कागदावर आली. गुलजारांचा लेखनात हात होता. म्हणजे कोल्हापुरात वही पडद्यावर गेली, आणि साठ वर्षांनी पुण्यात पडदा वहीत परत आला. त्यात हे काम तुझं नाही, असं म्हणणारा कुणी या मुळीकांना भेटला असेल तर त्यांनी मनावर घेतलेलं दिसत नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगायची टाळत होतो, पण त्याने मोबाइल काढलाच. ‘सिंहगड’ शोधू लागला. मी म्हटलं, नको शोधूस. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, नाहीतर सडायची. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर मात्र टिकलं. आपल्याकडे उरलेल्या सर्वांत जुन्या सिनेपोस्टरांत ते गणलं जातं. चालणारी-बोलणारी माणसं ज्या फिल्मवर होती ती गेली, आणि भिंतीवर डकवायला छापलेला कागद राहिला. बाबूरावही अखेरच्या काळात पुन्हा रंग आणि शिल्पांकडे वळले. १९५४मध्ये वारले.

तो बराच वेळ मोबाइल हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, “सिनेमा नाही तर नाही. सिनेमा केला कसा ते काढता येईल ना? पहिली चौकट कॅमेरा बनवण्याची. धातूचे भाग म्हणजे लेथ लागलंच असेल.” मी म्हटलं, भाग गोल हवेत तर खरादणं आलंच.

त्यावर लेथ कसं काढायचं हे त्याने मला विचारलं नाही. त्याचे वडील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये टर्नर आहेत. टॅबलेट काखेत मारून तो तसाच घरी गेला, कारण त्यांची दुसरी पाळी सुटायची वेळ झाली होती.