सुखी राहा, पण आमच्या शब्दांत

माणसाने माणसाला ‘सुखी राहा’ म्हणावे, यात भांडण्यासारखे काय आहे? पण माणूस हा प्राणीच असा आहे की भांडायला त्याला विषय लागत नाही, समोर नुसता दुसरा माणूस लागतो. लोकलमधली चौथी सीट, गणपतीची वर्गणी, वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून ठिबकणारे पाणी, ही आपली पारंपरिक रणांगणे. ‘तुम्ही मला शुभेच्छा दिल्यात खऱ्या, पण चुकीच्या शब्दांत दिल्यात’ या मुद्द्यावरही युद्ध पेटू शकते, हे मात्र मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी, न्यू जर्सीला लेकीकडे गेल्यावर कळले.

डिसेंबरचा महिना होता. जावयांबरोबर वाणसामान आणायला गेलो होतो. गल्ल्यावरची पोरगी प्रत्येक गिऱ्हाइकाला पावतीबरोबर ‘हॅपी हॉलिडेज’ देत होती. मी पेन्शनर, मला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हॉलिडेच. तेव्हा मला ते पटले. पण माझ्या पुढचे वृद्ध गृहस्थ एकदम ताठ झाले आणि खणखणीत आवाजात ‘मेरी ख्रिसमस!’ असे म्हणाले. शब्द आनंदाचे होते, पण सूर आपल्याकडच्या ‘बघून घेईन’चा होता. पोरगी बिचारी खाली मान घालून बटाटे तोलू लागली.

बाहेर आल्यावर मी जावयांना विचारले. ते म्हणाले, “बाबा, इथं हे राजकारण आहे. ‘मेरी ख्रिसमस’ जोरात म्हणणारा एका पक्षाचा धरतात, ‘हॅपी हॉलिडेज’वाला दुसऱ्या.”

“आणि नुसता नमस्कार करणारा?”

“तो व्हिसावाला!”

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले तर दोन्ही खरी वाटतात, हीच तर भांडणाची गंमत. एक बाजू म्हणते, डिसेंबरात ज्यूंचा हनुका येतो, कृष्णवर्णीयांपैकी काही जण १९६६ साली सुरू झालेला क्वान्झा करतात, काही काहीच करत नाहीत. तेव्हा सर्वांना पुरेल असे बोलावे, ही साधी रीतभात आहे. दुसरी बाजू म्हणते, कसली रीतभात, हा ‘पोलिटिकल करेक्टनेस’ आहे. दुकान सजवायचे ख्रिसमसने, गाणी वाजवायची ख्रिसमसची, माल खपवायचा ख्रिसमसचा आणि नाव तेवढे घ्यायचे नाही! हे म्हणजे लग्नाला यायचे, जिलबी चापायची आणि नवरामुलाचे नाव काढले की घसा खाकरायचा.

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात घालवलेला. सवयीने मागची पाने चाळू लागलो आणि पहिल्याच पानावर थबकलो. कारण ख्रिसमसवर खरीखुरी, सरकारी शिक्क्याची बंदी आणली होती ती नास्तिकांनी नव्हे, तर अतिधार्मिक ख्रिस्ती मंडळींनी. हे प्युरिटन लोक. त्यांचे म्हणणे असे की बायबलात येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही. मग २५ डिसेंबरला खाणे, पिणे, जुगार आणि धिंगाणा कशाच्या आधारावर? मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्याने आजवर कोणाचे भले झाले आहे? १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा सण रद्द केला. कँटरबरीच्या मेयरने त्या २५ डिसेंबरला दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम सोडला. ज्यांनी हुकूम पाळला त्यांचा माल रस्त्यावर आला, लोकांनी मुद्दाम भररस्त्यात फुटबॉल खेळायला घेतला आणि खुद्द मेयरसाहेबांनाही खाली लोळवले. एका सणाच्या रक्षणार्थ इतके प्रेम उतू गेले.

समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ साली कायदाच झाला. ख्रिसमस म्हणून कामाला दांडी मारली किंवा मेजवानी केली तर पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. म्हणजे आज ज्या अमेरिकेत ‘आमच्या वाडवडिलांचा ख्रिसमस परत द्या’ अशी हाक दिली जाते, तिथल्या काही वाडवडिलांनीच त्यावर पावती फाडलेली आहे. वाडवडिलांचा दाखला देण्यापूर्वी वाडवडिलांना एकदा विचारून घ्यावे, हे बरे.

पुढे काळ बदलला. १८४३ साली लंडनला हेन्री कोल या गृहस्थांनी ख्रिसमसचे पहिले छापील कार्ड काढले. मित्रांना पत्रे लिहून लिहून बोटे दुखू नयेत, हा उदात्त हेतू. किंमत एक शिलिंग; दंडापेक्षा स्वस्त! त्यावर एक आनंदी कुटुंब हातात पेले घेऊन बसलेले. झाले! एका लहान मुलाच्या तोंडालाही पेला लावलेला आहे म्हणून दारूबंदीवाल्यांनी गिल्ला केला. शुभेच्छेचे पहिलेच कार्ड, आणि त्यावरही पहिल्याच वर्षी आक्षेप. अमेरिकेत ख्रिसमसला केंद्र सरकारची सुट्टी मिळाली ती त्याहून उशिरा, १८७० साली.

आता विसाव्या शतकात या. इथे हसू जरा आवरावे लागते. मोटारवाले हेन्री फोर्ड एक साप्ताहिक चालवत. १९२० च्या सुमारास त्यात ज्यूंविरुद्ध लेखमाला आली आणि तिच्यात एक तक्रार अशी होती की बाजारातल्या ख्रिसमस-कार्डांवर हल्ली ख्रिस्तजन्माचा मागमूस सापडत नाही. दोष कोणाचा, हे त्या लेखमालेच्या मते उघडच होते. १९५९ साली जॉन बर्च सोसायटी नावाच्या संघटनेने पत्रक काढून इशारा दिला की ख्रिसमसमधून ख्रिस्ताला हाकलण्याचा हा डाव कम्युनिस्टांचा आहे आणि त्यात संयुक्त राष्ट्रसंघही सामील आहे. गंमत म्हणजे त्याच दशकात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची व्हाइट हाउसमधली कार्डे ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ असा सर्वसमावेशक मजकूर घेऊन निघत. अर्थात त्या सोसायटीचे संस्थापक आयझेनहॉवरनाही कम्युनिस्टांचे हस्तक समजत, त्यामुळे त्यांच्यापुरता हिशेब जुळत होता!

आणि ज्या ज्यूंवर हा आळ, त्यांच्यातल्याच एकाने काय केले ते पाहा. आयर्व्हिंग बर्लिन, रशियाच्या साम्राज्यातून पोरवयात अमेरिकेला आलेला. १९४२ सालच्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात त्याची दोन गाणी आहेत. एक ‘व्हाइट ख्रिसमस’ आणि दुसरे ‘हॅपी हॉलिडे’. आज ज्या दोन शब्दप्रयोगांवरून दोन छावण्या पडल्या आहेत, ते दोन्ही एकाच माणसाने एकाच चित्रपटात शेजारी शेजारी बसवले होते. या बर्लिनचा तान्हा मुलगा १९२८ साली, नेमका २५ डिसेंबरलाच वारला होता. ज्याच्या घरी तो दिवस असा उजाडला त्याने जगाला ख्रिसमसचे गाणे द्यावे! आपले-परके ठरवणाऱ्यांनी हा माणूस कुठल्या खात्यात मांडायचा, ते सांगावे.

पुढचे युद्ध २००५ चे. टीव्हीवरच्या वक्त्यांनी ‘ख्रिसमसवर हल्ला’ अशी आरोळी ठोकली, त्या नावाचे पुस्तक निघाले आणि ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणणाऱ्या दुकानांवर बहिष्काराची हाक गेली. वॉलमार्टने २००६ साली जाहीर केले की यंदा आम्ही ‘मेरी ख्रिसमस’ म्हणू. २०१३ साली टेक्सास राज्याने तर कायदाच केला की शाळांतून ‘मेरी ख्रिसमस’, ‘हॅपी हनुका’, ‘हॅपी हॉलिडेज’ असे काहीही म्हणायला हरकत नाही. म्हणजे १६५९ साली सण केला म्हणून दंड आणि ३५४ वर्षांनी शुभेच्छा द्यायला कायद्याची परवानगी. प्रगती म्हणतात ती हीच!

इंग्लंडही मागे नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने १९९७ आणि १९९८ साली हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून ‘विंटरव्हल’ असे नाव दिले. त्यात ख्रिसमसची रोषणाई होती, तशी आपली दिवाळीही होती. वर्तमानपत्रांनी ठरवले की ख्रिसमसचे नाव पुसले. नगरपालिकेच्या इमारतीवर ‘मेरी ख्रिसमस’चा फलक झळकत होता, पण फलक वाचायला वेळ कोणाला? त्यातल्या एका मोठ्या दैनिकाने दुरुस्ती छापली ती २०११ साली. चौदा वर्षांनी! तोवर एक पिढी हा किस्सा खरा मानून मोठी झाली.

आपण मराठी माणसांनी यावर हसावे, तर तेही बेताने. २०२१ च्या ऑक्टोबरात कपड्यांच्या एका कंपनीने ऐन दिवाळीच्या तोंडावर नव्या कपड्यांना उर्दू नाव दिले आणि इतका गहजब झाला की जाहिरात मागे घ्यावी लागली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर वर्षी ‘हॅपी दिवाळी’ म्हणणाऱ्या भाच्याला ‘शुभ दीपावली म्हण’ असा दम मिळतो. त्या दमात शुभ काय असते, देव जाणे.

पूर्वी हे नव्हते असे मी म्हणणार नाही. इतिहासाच्या मास्तराने ‘पूर्वी’ हा शब्द जपून वापरावा. पण गिरगावात आमच्या शेजारी एक गोंयकार ख्रिश्चन आजी राहत. त्यांच्याकडून आम्हाला नाताळात नेवऱ्या येत, आणि आमच्याकडून त्यांना दिवाळीत करंज्या जात. पदार्थ जवळजवळ एकच. ‘नेवरी म्हणा’ की ‘करंजी म्हणा’ असा ठराव कधी झाला नाही. त्यांना आईने ‘हॅपी’ म्हटले नाही, ‘मेरी’ म्हटले नाही. “घ्या हो, गरम आहेत तोवर खा,” एवढेच म्हणे. आणि ‘नाताळ’ हा शब्द तरी कुठला? पोर्तुगिजांकडून आलेला, अर्थ जन्म. आमच्या शाळेला नाताळची सुट्टी लागे तेव्हा हा सण कोणाचा, असे एकाही पोराने विचारले नाही. सुट्टी आमची होती, एवढे पुरे होते.

इंग्रजी ‘हॉलिडे’ हा शब्दही मूळचा ‘होली डे’, पवित्र दिवस. धर्म टाळायला जो शब्द काढला त्याच्याच पोटात धर्म बसलेला! तेव्हा शब्द बदलून फारसे साधत नाही. चारशे वर्षांच्या या भांडणात मला दोनच गोष्टी कायम दिसतात. एक, प्रत्येक वेळी शब्दाआडून शेजाऱ्याला विचारले जाते, ‘हे गाव कोणाचे?’ आणि दुसरी, प्रत्येक वेळी हुकूम निघतो वरून आणि तो पाळावा लागतो दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसाला. कँटरबरीच्या वाण्याला दुकान उघड म्हणून, २००५ च्या नोकरदाराला अमुक म्हण म्हणून, २००६ साली तमुक म्हण म्हणून. त्याला स्वतःला काय म्हणायचे होते, हे कोणी विचारल्याची नोंद मला सापडली नाही.

‘शुभेच्छा’ या शब्दात ‘शुभ’ आहे, त्यावर सगळे भांडतात. त्यात ‘इच्छा’ही आहे, ते विसरतात. ती दंडाने रोखता येत नाही आणि बहिष्काराने काढूनही घेता येत नाही. ज्याला द्यायची असेल तो देईल, त्याला जमेल त्या शब्दात. आपण ती घ्यावी, आणि व्याकरण घरी गेल्यावर तपासावे.