टाकलेल्या चेंडूंचा हिशोब

माझा चौदा वर्षांचा भाचा फास्ट बोलर आहे. रविवारी सकाळी साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून सेंट्रलने सीएसएमटी आणि मग पाठीवर किट घेऊन आझाद मैदान, असा त्याचा क्रम. गेल्या पावसाळ्यानंतर त्याची कंबर धरली. पोराने महिनाभर दुखणं अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “आठवड्याला किती बॉल टाकतोस?” मोसमातल्या विकेट त्याला पाठ होत्या, दिलेल्या धावाही पाठ होत्या. टाकलेले चेंडू मात्र त्याने मोजले नव्हते आणि आम्हीही मोजले नव्हते. तो प्रश्न मुळात आला कुठून, ते तेव्हापासून शोधत गेलो.

क्रिकेटमध्ये चेंडू मोजणं जुनंच आहे. पंच खिशात सहा खडे किंवा नाणी ठेवत आणि एकेक या हातातून त्या हातात घेत. तो हिशोब षटकासाठी असे, टाकणाऱ्याच्या शरीरासाठी नसे. षटक तरी कुठे कायम सहा चेंडूंचं होतं? इंग्लंडमध्ये १८८९ पर्यंत चार, मग पाच आणि १९०० पासून सहा. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ. स्कोअरर प्रत्येक निर्धाव चेंडूचा ठिपका वहीत मांडत आला आणि सहा ठिपके जोडून मेडनचा ‘एम’ काढत आला. म्हणजे बोलरच्या श्रमाची नोंद पहिल्यापासून कागदावर होती. ती त्या नजरेने वाचली गेली नाही, इतकंच.

तशी नजर आधी बेसबॉलला आली. ‘पिच’ म्हटलं की आपल्याला बावीस यार्डांची खेळपट्टी दिसते. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे फलंदाजाकडे टाकलेला चेंडू, आणि टाकणारा तो पिचर. सुरुवातीला तिथे हात खालूनच फिरवावा लागे. क्रिकेटने खांद्यावरून चेंडू टाकायला १८६४ मध्ये परवानगी दिली, तर अमेरिकेच्या नॅशनल लीगने १८८४ मध्ये. माझ्या मते या कुळकथेचं मूळ तिथे आहे. हात खांद्याच्या वर गेला, वेग वाढला, आणि त्या वेगाची किंमत कुठल्या ना कुठल्या सांध्याने मोजायला सुरुवात केली.

१९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाने ॲलन रॉथ नावाचा संख्याशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. तो प्रत्येक पिचची नोंद करू लागला. हेतू मूल्यमापनाचा होता: कोणता पिचर किती चेंडूंत काम उरकतो. एक डाव पंधराएक चेंडूंत संपवणारा आणि त्याच डावाला तीस चेंडू घेणारा, दोघांनी धाव दिली नाही तरी सारखे नव्हेत, हे त्या आकड्यांतून दिसतं. पुढे १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा फाटलेला अस्थिबंध डॉ. फ्रँक जोब यांनी नव्याने घडवला. ती शस्त्रक्रिया आज त्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते, आणि हळूहळू ती शाळकरी मुलांवरही होऊ लागली. ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी ४८१ मुलांचा दहा वर्षं माग ठेवला. वर्षात शंभरहून जास्त डाव (इनिंग्ज) पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला.

मुलांच्या ‘लिटल लीग’ने २००७ पासून इनिंग्जची मर्यादा सोडून चेंडूंची आणली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसात ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती. पिचरचं कौतुक करायला वापरला जाणारा आकडा त्याला हात धरून थांबवायला लागला. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वळण.

क्रिकेटमध्ये दुखतं ते कोपर नव्हे, कंबर. उजव्या हाताच्या फास्ट बोलरच्या मणक्याला बहुधा डाव्या बाजूला बारीक तडा जातो. डेनिस लिलीला १९७३ मध्ये तेच झालं. कमरेची ती हाडं पुरती पक्की व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकं, असं बंधन कित्येक वर्षं ठेवलं.

आणि आपली मुंबई? फेब्रुवारी १९८८ मध्ये याच आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली. हा आकडा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. समोर सेंट झेवियर्सची पोरं दिवसभर चेंडू टाकत होती, त्यांच्यात साईराज बहुतुले होता. त्यांतल्या कुणी किती चेंडू टाकले, हे सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. त्याआधीचा आमचा रमाकांत देसाई घ्या. पाच फूट चार इंच उंची. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी, वय एकोणीस, आणि त्या डावात षटकं एकोणपन्नास. म्हणजे २९४ चेंडू. त्याने त्यात चार बळी घेतले आणि तेव्हापासून आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करत आलो. कौतुक योग्यच आहे. पण २९४ हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला, तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

षटकांतला हिशोब फसवाही असतो. बारा षटकं म्हणजे ७२ चेंडू. त्यात नऊ वाइड आणि तीन नो-बॉल पडले, तर पोराच्या कमरेने ८४ झेलले. नवखा मुलगा वाइड जास्त टाकतो, म्हणजे ज्याला जपायचं त्याचीच मोजणी कमी होते. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला चेंडूही मोजला जातो. मात्र सराव तिथेही मोजणीबाहेर राहतो, आणि आपल्याकडे सराव म्हणजे नेट्सचे दोन-दोन तास.

म्हणून भाच्याला शंभर पानी वही आणून दिली. रकाने तीन: सामना (वाइडसकट), नेट्स, गल्ली. तिसऱ्यावरून वाद झाला. खैरानी रोडच्या आत, गाळ्यांच्या मधल्या बोळात संध्याकाळी टेनिस बॉलवर जे चालतं ते खेळ नव्हे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, खांद्याला ते कळत नाही. पहिला आठवडा त्याने तो रकाना कोराच ठेवला. दुसऱ्या आठवड्यात एकाच संध्याकाळचे ११० लिहून आणले आणि वही माझ्यापुढे धरून स्वतःच म्हणाला, “मामा, हे तर मॅचपेक्षा जास्त झाले.”

आता त्याच्या सरांनीही वही मागून घेतली आहे. गेल्या रविवारी त्यांनी सातव्या षटकानंतर त्याला थांबवलं. विकेट पडत होत्या, पोरगा तोंड पाडून फाइन लेगला जाऊन उभा राहिला. परतीच्या लोकलमध्ये त्याने वही काढली, बोटांवर मोजलं, ४२ लिहिले, मग थोडा थांबून चार वाइड आठवले आणि ४६ केले.