घेरियाच्या लढाईचें चित्र व त्याचें मोल

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रांप्रमाणें चित्रांचीही गणना होते. परंतु कागद पारखण्याची जी शिस्त आपल्या पूर्वसूरींनीं घालून दिली, ती चित्रांच्या बाबतींत क्वचितच पाळली जाते. लिलावांत किंमत काय येईल, एवढ्यावरूनच चित्राचें मोल ठरविण्याकडे कल दिसतो. पिरंगुटाहून मुठे खोऱ्याकडे जातांना लागणाऱ्या उरवडे गांवीं एका घरांतील तसबिरी पाहण्याचा योग नुकताच आला. त्या निमित्तानें या विषयाची थोडी चर्चा करण्याचें योजिलें आहे.

या घरीं तीन तसबिरी व जुन्या कागदांचा एक रुमाल आहे. एका तसबिरींत घेरिया ऊर्फ विजयदुर्ग येथील आरमारी लढाई असून, उरलेल्या दोन लक्ष्मी व सरस्वती यांच्या आहेत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानें पहिली तसबीर सेर्स या इंग्रज दरबारच्या चित्रकाराची अस्सल कृति ठरवून ती लिलावांत मांडण्याची सूचना केली. देवींच्या तसबिरी वरकड म्हणून मागितल्या, आणि रुमाल रद्दींत घालण्यास सांगितलें. घरचे चिरंजीव विकण्याच्या विचारांत होते. त्यांनीं विकूं नये असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नाहीं. पण काय विकतों हें आधीं कळावें, इतकेंच मीं सुचविलें.

प्रथम लढाईचें चित्र घेऊं. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे व मुंबईकर इंग्रज यांचा करार १७५५ च्या मार्चांत झाला. पुढील फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन व क्लाइव्ह पायदळासह घेरियावर आले. ता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं तोफांच्या माऱ्यांत आंग्र्यांचें आरमार जळालें, व दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. याच प्रसंगाचें डॉमिनिक सेर्स यानें १७७१ सालीं काढलेलें तैलचित्र ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत आहे. सेर्स जन्मानें फ्रेंच. कैदी म्हणून इंग्रजांच्या हातीं लागून तो इंग्लंडांत आला, १७६८ त स्थापन झालेल्या रॉयल अॅकॅडमीच्या आद्य सभासदांत गणला गेला, आणि १७९३ त वारला. त्याचा पुत्र जॉन टॉमस हाही आरमारी चित्रेंच काढी. म्हणून केवळ 'सेर्स' या आडनांवावर भिस्त ठेवणें धोक्याचें असतें.

लिलावाच्या यादींतील शब्द याच कारणास्तव नीट वाचावे लागतात. नुसतें चित्रकाराचें पूर्ण नांव दिलें असेल, तर कृति त्याची असें यादीकर्त्याचें मत समजावें. 'त्याची मानलेली' म्हटल्यास खात्री कमी. 'त्याच्या वर्तुळांतील' म्हणजे समकालीन दुसऱ्या कोणाची. आणि 'त्याच्यावरून' म्हणजे निव्वळ नक्कल. या एकेका शब्दासरशीं अंदाजी किंमत कोसळते. उरवड्याचें चित्र भिंगाखालीं धरतांच सर्व पृष्ठभागावर सारख्या अंतरानें मांडलेले ठिपके दिसले. ही छायाचित्रावरून ठसा करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आली. अर्थात् हें कोणत्या तरी छापील ग्रंथांतून कापलेलें पान होय. समासही कापलेला असल्यानें ग्रंथ ओळखण्याची सोय राहिली नाहीं.

देवींच्या तसबिरींची गोष्ट निराळी. त्यांतील ठिपके अनियमित, हातानें दगडावर केलेले, व रंग एकावर एक चढविलेले आहेत. खालीं रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा, असें छापलें आहे. हा छापखाना १८९४ त मुंबईस गिरगांवांत निघाला व पुढें मळवलीस, म्हणजे येथून डोंगरापलीकडच्या मावळांत, गेला. १९७२ च्या आगींत त्याची मोठी हानि झाली. हीं मूळ तैलचित्रें नव्हेत, तर छाप आहेत, हें विसरूं नये. व असे छाप पुढेंही पुष्कळ निघाले, म्हणून नुसत्या नांवावर काळ ठरत नाहीं. येथें रद्दींत जाऊं घातलेला रुमाल उपयोगी पडला. त्यांतील मोडी रोजकीर्दींत शके १८२९ च्या सालांत 'तसबिरी दोन, लक्ष्मी व सरस्वती, कांच-चौकटीसह' अशी पुण्यांतील खरेदीची नोंद सांपडली. व्यापारी ज्यास मालकीची परंपरा म्हणतात, ती या एका ओळीनें सिद्ध झाली. तसबीर येथें, कीर्द रद्दींत, अशी ताटातूट झाली असती तर दोहोंचेंही मोल उतरलें असतें.

आतां पुराव्याचें मोल पाहूं. सेर्सचें तैलचित्र लिलावांत कितीही मोठी किंमत घेवो, तें लढाईनंतर पंधरा वर्षांनीं काढलेलें आहे. जहाजांची बांधणी व शिडें यांसाठीं तें अवश्य पाहावें. पण किल्ला इंग्रजांनीं पेशव्यांस तत्काळ दिला नाहीं, ता. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुणें येथील तहानें बाणकोट आपल्याकडे राखून मगच तो सोडण्याचें ठरलें. ही गोष्ट आगीच्या ज्वाळांत दिसणार नाहीं. ती कागदांतच शोधावी लागेल.

संग्राहकांस विनंति इतकीच. चौकट उघडण्यापूर्वीं पाठीमागील चिठ्ठी व लेख उतरून घ्यावा. समास कापूं नये. तसबिरींबरोबर घरच्या कागदांची याद करावी. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील कलावस्तु, तसेंच पंचाहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाचें हस्तलिखित, खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

उरवडेकर मंडळींनीं तूर्त विक्री थांबविली असून, कीर्दीची नक्कल करण्यास मला अनुमति दिली आहे. लढाईचें पान पूर्वींच्याच खुंटीवर आहे. त्याची किंमत आतां कोणी विचारीत नाहीं. पण घरांतील मुलें तुळाजी आंग्रे कोण, हें विचारूं लागलीं आहेत.