लोहगडाची बेगमी

लोहगड चढतांना गणेश दरवाजा ओलांडला कीं नाना फडणिसांनीं बांधविलेला नारायण दरवाजा लागतो. तेथें खडकांत एक भुयार आहे. त्यांत भात आणि नाचणी सांठवीत, असें सांगतात. वेढा पडल्यावर शिबंदीचा धीर किती दिवस टिकेल, हें अशा अंधाऱ्या कोठारावर ठरे.

आजच्या आहारशास्त्राच्या दृष्टीनें ही निवड प्रथम कोड्यांत टाकते. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३२५ उष्मांक; तितक्याच शेंगदाण्यांत ५५० हून अधिक, आणि तुपांत ९०० च्या घरांत. गडावरचें प्रत्येक ओझें चढण चढून न्यावयाचें. मग थोड्या वजनांत अधिक बळ देणारा जिन्नस कां नव्हे? भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, हें खरें. परंतु तूप, तीळ, गूळ हे तर आपल्याकडे जुनेच.

उत्तर पावसांत आहे. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाला दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या हवेंत गूळ पाझरतो, तेलकट दाणे खवट होतात, तुपालाहि वास येतो. नाचणीचा दाणा बारीक आणि टणक. त्यांत कीड सहसा शिरत नाहीं, आणि तो वर्षानुवर्षें राहतो. भात म्हणजे मावळांत सालीसकट धान्य. त्याच्या वजनांत सुमारें पांचवा हिस्सा तुसाचा. तो गडावर चढविणें ही वरकरणी फुकटची हमालीच. पण तेंच तूस आंतला तांदूळ जपतें, आणि लागेल तेवढाच कांडून घेतां येतो. बेगमी करणाराला चार पावसाळ्यांनंतर शिल्लक काय राहील, याचा हिशेब करावा लागे. शिवाय शिजविण्यास पाणी हवें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्याआधीं पाणी पाहण्यावर भर आहे, तो उगीच नव्हे.

मार्च १८१८ मध्यें इंग्रजांनीं शेजारचा अधिक उंच विसापूर घेतला. लोहगड त्याच्या तोफांच्या टप्प्यांत आला, आणि शिबंदीनें तो सोडला. तेथें उपासमारीचा प्रश्न आलाच नाहीं.

पुढें १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटांत लोहमार्गाचें काम चाललें. तेथील हजारों मजुरांना गूळदाणी विकली जाई, व तींतूनच लोणावळ्याची चिक्की निघाली, अशी हकीकत सांगतात. कातळ फोडणाराला बळ त्याच दिवशीं हवें असे. तेथें गूळ आणि दाणे यांच्यासारखा जिन्नस नाहीं. मात्र हीच चिक्की पावसाळ्यांत उघडी राहिली तर लवकरच मऊ पडते, हें लोणावळ्याहून पुडा घेऊन आलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.