कुसुंबी : एका कच्च्या रंगाची हकीकत

आपल्या सीमाभागात एकाच झाडाला दोन नावे आहेत. मराठी शेतकरी त्याला करडई म्हणतो आणि बांधापलीकडचा कानडी शेतकरी कुसुबी. संस्कृतातल्या ‘कुसुंभ’ शब्दाशी कानडीने नाते राखले ते झाडाच्या नावात. मराठीत तोच शब्द ‘कुसुंबी’ होऊन रंगाच्या नावात राहिला. आज करडई म्हटले की आपल्याला तेल आठवते, फार तर कोवळ्या पाल्याची भाजी. परंतु ज्वारीच्या कडेने गुरांना आडकाठी म्हणून लावल्या जाणाऱ्या या काटेरी झाडाच्या पाकळ्यांवर एके काळी झिरझिरीत कापड रंगविण्याची एक सबंध विद्या उभी होती. ती कशी होती आणि का मोडली, हे पाहण्यासारखे आहे.

सुताला पक्का तांबडा रंग देण्याची साधने आपल्याकडे होतीच. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या होत्या, मंजिष्ठ होती. मात्र त्यांचा मार्ग लांबचा. कापड आधी तेलात आणि खारात मुरवायचे, मग तुरटीत बुडवायचे, मग मुळ्यांबरोबर भट्टीवर शिजवायचे, आणि मधूनमधून आपटून धुवायचे. खारव्यासारखे जाडेभरडे कापड हे सारे सोसते. मलमल कशी सोसणार? विरळ विणीचा धागा सरकतो, वीण फाकते. शिवाय असे कापड उजेडाकडे धरले की रंगातला लहानसा डागही लपत नाही. पागोटे आणि ओढणी या अंगावर उठून दिसणाऱ्या वस्तू, आणि त्यांचे कापड नेमके असे तलम. त्यांना विस्तव न लागणारा रंग हवा होता. तो करडईने दिला.

करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर असतो आणि तो साध्या पाण्यात सुटतो. तांबडा मात्र वजनाच्या शंभरात एक भागही भरत नाही आणि तो पाण्याला दाद देत नाही. म्हणून वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून पाण्यात तुडवीत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पिवळा असा वाहून गेला की उरलेल्या चोथ्याला साजीखार किंवा पापडखार चोळीत. खाराने तांबडा रंग सुटतो. चार काठ्यांना ताणून बांधलेल्या फडक्यावर तो चोथा ठेवून वरून थंड पाणी सोडायचे आणि खालच्या भांड्यात उतरलेले पाणी धरायचे. मग त्यात लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी घालायचे. आंबट पडताच रंग पाण्यात राहू शकत नाही, तो सुताला जाऊन बसतो. तुरटी नको, भट्टी नको. कापड किती वेळा बुडवले यावर फिकट गुलाबी की गडद कुसुंबी हे ठरे. आधी हळदीचा हात दिला तर नारिंगी, निळीचा दिला तर जांभळा. शेवटी सावलीत वाळवण. रंगाऱ्याच्या कुंडीत हे होई, तसे घरच्या परातीतही होऊ शके.

या रंगाचा एक दोष मात्र सर्वांना ठाऊक होता. तो टिकत नसे. ऊन लागले की उडे, खाराने धुतले की जाई. ज्या खाराने तो पाकळीतून सुटला, तोच खार त्याला कापडावरूनही सोडवी. चौदाव्या शतकातल्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात विश्वनाथाने प्रेमाचे तीन प्रकार रंगांवरून सांगितले आहेत. नीलीराग फारसा झळकत नाही, पण जात नाही. कुसुंभराग झळकतो आणि जातो. मंजिष्ठाराग झळकतो आणि जातही नाही. रंगाऱ्याच्या घरचे ज्ञान रसिकांच्या किती परिचयाचे होते, याची ही साक्ष. तरीही कुसुंबी पागोटे बांधणे कोणी सोडले नाही. रंग गेला की कापड पुन्हा रंगवीत. तलम कापड वर्षानुवर्षे टिके, रंग मात्र सणासुदीला नवा होई.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. १८५६ साली विल्यम पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. १८५९ साली फ्रान्समध्ये मॅजेंटा निघाला. १८८४ साली जर्मनीत पाउल बटिगर याला काँगो रेड सापडला. सुताला तुरटीवाचून, नुसत्या गरम पाण्यात आणि मिठात बसणारा असा हा तांबडा रंग होता. तोवर बंगालची करडईफुले युरोपात जात असत. इंग्लंडात कचेरीचे कागद बांधण्याच्या लाल फितीही त्या रंगात रंगवीत. तो व्यापार बसला. मुंबई इलाख्यातील रंगकामावर सी. जी. एच. फॉसेट यांनी १८९६ साली जी सरकारी पुस्तिका लिहिली, ती लिहिली जात असताना विलायती पुड्या बाजारपेठांत शिरल्या होत्या.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पक्का रंग आला म्हणून कच्चा गेला, असे सर्रास सांगितले जाते. कुसुंबीच्या बाबतीत ते खरे नाही. मॅजेंटाही उन्हात उडे. काँगो रेडवर आंबट पडले तर तो निळसर काळा होई. पहिल्या विलायती रंगांतले हे रंग कुसुंबीइतकेच नाजूक होते. फरक होता तो कष्टांचा. पाकळ्या वेचायच्या त्या काट्यांतून, तुडवायच्या, चोळायच्या, आणि हाती लागायचा तो चिमूटभर तांबडा. पुडीतली चिमूट गरम पाण्यात टाकली की काम झाले. ज्यांचे हात त्या काट्यांनी सोलवटत होते, त्यांनी पुडी उचलली यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. मात्र पुडीबरोबर रंगाचे ज्ञान घराबाहेर गेले. चिंच केव्हा घालायची हे ज्यांना कळत होते, त्यांना आता पुडीवरची सूचना पुरेशी होती.

रंग गेला तरी झाड राहिले, कारण बियांत तेल होते. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरीच्या संशोधन केंद्राचे नाव करडईच्या एका वाणाला लाभले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा संकरित वाणही दिला. त्यामुळे फुले वेचणे सोपे झाले. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत देशातील करडईचे क्षेत्रच झपाट्याने घटले आहे. हरभऱ्याने आणि सोयाबीनने तिची जागा घेतली. जपानात यामागाता प्रांताने हेच फूल आपले मानचिन्ह म्हणून जपले आहे. आपल्याकडे ज्वारीच्या कडेची ती पिवळी-केशरी ओळ अजून कुठे कुठे दिसते. ती आहे तोवर एक मूठ पाकळ्या, थोडा पापडखार, एक लिंबू आणि जुन्या मलमलीचा तुकडा एवढ्यावर कुणाही घरी हा रंग पुन्हा उठू शकतो.